चार जुलै आणि बारा जून

फिलिपिन्स म्हटलं की मराठी माणसाला चटकन आठवतो तो मॅगसेसे पुरस्कार. पहिल्याच वर्षी, १९५८ साली, तो विनोबांना मिळाला. पुढच्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना, १९८५ साली बाबा आमट्यांना, २००८ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना. जरा वयस्क वाचकाला इमेल्डा मार्कोसचे बुटांचे जोड आठवतील. हल्ली मुलांना डॉक्टरकीसाठी तिकडे पाठवणाऱ्या एजंटांच्या पाट्याही दिसतात. एवढ्यावर आपली या देशाची ओळख संपते.

ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार, ते राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे ३१ ऑगस्ट १९०७ रोजी जन्मले. त्यानंतर तेराव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, मनिलाच्या तुरुंगात दोन माणसांना फाशी दिलं गेलं. त्यातल्या एकाचं नाव माकारियो साकाय. देश स्वतंत्र होईपर्यंत केस कापायचे नाहीत असं ठरवलेला, खांद्यावर केस रुळणारा हा माणूस स्वतःला टागालोग प्रजासत्ताकाचा अध्यक्ष म्हणवत असे. त्याचं मंत्रिमंडळ होतं, शिक्का होता, फौजेत हुद्दे होते. अमेरिकन सरकारच्या लेखी मात्र तो दरोडेखोर होता आणि फाशी झाली तीही दरोडेखोरीच्या कायद्याखाली. तो लढाईत सापडला नव्हता. लोकांनी निवडलेलं विधिमंडळ येऊ घातलंय, तुम्ही डोंगरात राहिलात तर ते अडेल, खाली या, असं मध्यस्थाकरवी सांगून त्याला १९०६ साली मनिलात आणलं. काही दिवस शहरात मोकळं हिंडू दिलं. मग काविते प्रांतात एका मेजवानीत बोलावून पकडलं. उमाजी नाइकांना इंग्रजी कागदपत्रांत काय म्हटलंय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यापुढे फार समजावून सांगायला नको.

साकायच्या फाशीपासून मी या विषयात शिरलो आणि मागे मागे जात राहिलो. प्रश्न साधा होता. युद्ध १९०२ साली संपलं असं अमेरिकन पुस्तकं सांगतात. मग १९०७ साली फाशी जाणारा हा अध्यक्ष कोणत्या युद्धातला?

युद्ध कधी संपलं हे ज्याने ते जिंकलं तोच सांगतो, हे आपल्याला नवं नाही. पण इथे तारखांचा एक वेगळाच मासला दिसतो. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. फिलिपिन्समध्ये पहिला मुलकी गव्हर्नर म्हणून विल्यम टाफ्ट यांनी सूत्रं हाती घेतली ती ४ जुलै १९०१ला. बंड मोडलं, बंडखोरांना माफी, असा जाहीरनामा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी काढला तो ४ जुलै १९०२ला. आणि अमेरिकेचा झेंडा एकदाचा उतरला तो ४ जुलै १९४६ला. दुसऱ्याच्या घरची कार्यं आपल्या पंचांगातले मुहूर्त बघून उरकावीत, तसा हा प्रकार.

फिलिपिनो लोकांचा स्वतःचा मुहूर्त वेगळा होता. १२ जून १८९८ला मनिलाजवळच्या काविते प्रांतात, काविट गावच्या आपल्या घरी एमिलियो आग्विनाल्डो यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. हाँगकाँगमध्ये शिवून घेतलेला झेंडा फडकला, नव्याने बांधलेली संचलनाची धून वाजली. तिथल्या अमेरिकन आरमाराचे प्रमुख जॉर्ज ड्युई यांना निमंत्रण होतं. टपालाचा दिवस आहे, सबब येता येत नाही, असं त्यांनी कळवलं. सहा आठवड्यांपूर्वी, १ मे रोजी, याच ड्युईंनी मनिलाच्या उपसागरात स्पेनचं आरमार एका सकाळीत बुडवलं होतं आणि त्यानंतर आग्विनाल्डोंना हाँगकाँगहून अमेरिकन जहाजातूनच परत आणलं होतं. म्हणजे कामाला बोलावणं होतं, कार्याला यायला मात्र सवड नव्हती. बिचाऱ्या जाहीरनाम्यात अमेरिकेचा उल्लेख बलाढ्य आणि दयाळू राष्ट्र म्हणून होता, तिच्या छत्राखाली आपण स्वतंत्र होत आहोत असंही होतं. ते वाक्य आज वाचताना पोटात कालवतं.

या स्वातंत्र्याच्या मागे दोन वर्षांचं रक्त होतं. स्पेनची सत्ता तिथे तीनशेहून अधिक वर्षांची. जमीन, शाळा आणि मरणोत्तर विधी, सगळं धर्मगुरूंच्या ताब्यात. होसे रिझाल या डोळ्यांच्या डॉक्टरने दोन कादंबऱ्या लिहून ते उघडं पाडलं. १८९२ साली आंद्रेस बोनिफासियो यांनी कातिपुनान ही गुप्त संघटना काढली. १८९६च्या ऑगस्टमध्ये उठाव झाला. रिझाल यांचा उठावाशी थेट संबंध नव्हता, तरी ३० डिसेंबर १८९६ला मनिलाच्या मैदानात त्यांना गोळ्या घातल्या. या सगळ्यावर स्वतंत्र पुस्तकं आहेत, म्हणून मी ते या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आटोपतं घेतलं आहे.

त्या ३० डिसेंबरची आणखी एक गंमत, खरं तर गंमत म्हणू नये. त्याच दिवशी रुडयार्ड किपलिंगला एकतिसावं वर्ष पूर्ण झालं. किपलिंग मुंबईचा, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत, त्या आवारातलाच त्याचा जन्म. शाळकरी पुस्तकांतून त्याची 'गोऱ्या माणसाचं ओझं' ही कविता आपल्याला इंग्रजांची आणि हिंदुस्थानची म्हणून सांगितली जाते. ती आपल्याविषयी नाहीच. तिच्या उपशीर्षकातच अमेरिका आणि फिलिपिन्स बेटं आहेत. १८९९च्या फेब्रुवारीत ती छापून आली, म्हणजे ही बेटं घ्यावीत की नाहीत याचा वाद अमेरिकेत ऐन रंगात असताना. त्याआधीच त्याने ती रूझवेल्टना पाठवली होती. कविता म्हणून बेताचीच, पण विस्ताराच्या दृष्टीने शहाणपणाची, असा शेरा मारून रूझवेल्टनी ती आपल्या सेनेटर मित्राकडे धाडली. कवितेवरचा तो शेरा मला अजूनही अचूक वाटतो.

सौद्याचा हिशेब असा. ऑगस्ट १८९८ मध्ये मनिलाला बाहेरून आग्विनाल्डोंच्या फौजेचा वेढा होता आणि आत स्पॅनिश गव्हर्नर अडकला होता. त्याला शरण जायचं होतं, पण फिलिपिनोंना नव्हे. मग अमेरिकनांशी आतून ठरलं की थोडी गोळीबारी करायची, पांढरं निशाण दाखवायचं, आणि फिलिपिनो सैन्याला शहरात पाऊल टाकू द्यायचं नाही. १३ ऑगस्टला ही लुटुपुटूची लढाई झाली. गंमत म्हणजे आदल्या दिवशीच स्पेन आणि अमेरिकेने युद्धबंदीवर सही केली होती. ड्युईंनीच समुद्रातली तार तोडून ठेवल्याने मनिलाला ते कळलं नव्हतं. नाटकातली लढाई, पण तिच्यातही खरी माणसं मेली. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. फिलिपिनोंचे वकील फेलिपे आगोन्सिल्यो तिथे जाऊन पोचले होते. त्यांना कुणी आत घेतलं नाही. दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने बेटं घेतली. पुढे १९०३ साली शिरगणती झाली तेव्हा लोकसंख्या शहात्तर लाखांच्या घरात भरली. म्हणजे माणशी तीन डॉलरही पडले नाहीत. विकणाऱ्याच्या ताब्यात त्या वेळी मनिलासुद्धा नव्हतं, बाकीचा बराच मुलूख फिलिपिनोंनी आधीच सोडवून घेतला होता. सातबाऱ्यावर नाव नसलेल्याने जमीन विकावी आणि घेणाऱ्याने कुळालाच अतिक्रमणाची नोटीस काढावी, असे खटले आपल्या तालुका कचेऱ्यांत पुष्कळ दिसतात.

२३ जानेवारी १८९९ला मालोलोस गावच्या चर्चमध्ये फिलिपिन्सचं प्रजासत्ताक रीतसर स्थापन झालं. लिखित राज्यघटना, निवडलेली सभा, मंत्रिमंडळ. आशियातला हा अगदी आरंभीचा प्रयोग. बारा दिवसांनी, ४ फेब्रुवारीच्या रात्री, मनिलाच्या वेशीवर विल्यम ग्रेसन नावाच्या अमेरिकन शिपायाने अंधारात समोर आलेल्या फिलिपिनोंवर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी युद्ध पेटलं. तिसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, अमेरिकन सेनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. दोन-तृतीयांश मतं लागत होती; एक मत जास्त पडलं. गोळी मुद्दाम झाडवली गेली का, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. मला तसा पुरावा दिसला नाही आणि त्याची फारशी गरजही वाटत नाही. दोन फौजा हाकेच्या अंतरावर, एकीला शहरात शिरू द्यायचं नाही असं आधीच ठरलेलं. गोळी आज नाही तर उद्या सुटणारच होती.

पुस्तक लिहिताना मला सगळ्यात जास्त छळलं ते शब्दांनी. अमेरिकेने आपल्या धोरणाला जे नाव दिलं त्याचं मराठी 'परोपकारी सामीलीकरण' असं काहीतरी होतं. अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या २१ डिसेंबर १८९८च्या फर्मानातला तो शब्दप्रयोग. प्रेमाने कवेत घेतो म्हणायचं आणि बरगड्या मोजायच्या. युद्धाला 'बंड' म्हणायचं हेही तेव्हाच ठरलं. बंड म्हटलं की समोर देश नसतो, फक्त बेशिस्त रयत असते. युद्धकैदी नसतात, गुन्हेगार असतात. १८५७ला शिपायांचं बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, या वादावर वाढलेल्या मराठी वाचकाला नाव बदललं की काय काय बदलतं ते ठाऊक आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने पुस्तकांच्या वर्गवारीत 'फिलिपिन्सचं बंड' खोडून 'फिलिपिन्स-अमेरिका युद्ध' लिहिलं ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस.

आणि एक शब्द तर मी शेवटपर्यंत मराठीत आणू शकलो नाही. अमेरिकन शिपाई कैद्याला उताणा पाडून, तोंड उघडं ठेवून, पोट फुगेपर्यंत पाणी ओतत. मग पोटावर गुडघा दाबून ते बाहेर काढत. आणि बोलला नाही तर पुन्हा. याला त्यांच्या बोलीत 'वॉटर क्यूअर' म्हणत. हा शब्द त्या काळी आरोग्यधामांचा होता. श्रीमंत लोक हवापालटाला जाऊन पाण्याचे उपचार घेत, तो हा. 'जलोपचार' असं लिहिलं तर आपल्या वाचकाला निसर्गोपचार केंद्रातला टब आणि ओली पट्टी दिसेल. दोन दिवस अडलो. मग ध्यानात आलं की अमेरिकन वाचकालाही तेव्हा तेच दिसत होतं. शब्द त्यासाठीच निवडलेला होता. पुस्तकात मी तो देवनागरीत तसाच ठेवला आहे. १९०२ साली सेनेटच्या समितीपुढे परतलेल्या शिपायांनी याच्या साक्षी दिल्या. कॅप्टन एडविन ग्लेन यांच्यावर खटला चालला. गुन्हा सिद्ध झाला. शिक्षा: एक महिना निलंबन आणि पन्नास डॉलर दंड.

लढाया मी थोडक्यात सांगितल्या आहेत. समोरासमोरच्या लढाईत फिलिपिनो वर्षभरही टिकले नाहीत, बंदुका कमी, काडतुसं त्याहून कमी. १८९९च्या नोव्हेंबरात आग्विनाल्डोंनी गनिमी काव्याचा हुकूम काढला. पुढची दोन वर्षं हीच खरी लढाई, आणि तिचं ओझं शेतकऱ्यावर पडलं. दिवसा अमेरिकन छावणीला सलाम करणारा गावचा मुखिया रात्री बंडवाल्यांना तांदूळ पोचवत असे. अशा लढाईला फौज नव्हे, गाव हरवावं लागतं. १९०१च्या डिसेंबरात बातांगास प्रांतात जनरल फ्रँकलिन बेल यांनी तेच केलं. ठरलेल्या तारखेपर्यंत गावकऱ्यांनी धान्यासकट ठरावीक हद्दीत यायचं, हद्दीबाहेरचं जे उरेल ते जाळायचं. क्यूबात स्पेनने हीच युक्ती वापरली तेव्हा अमेरिकन वृत्तपत्रांनी आकाशपाताळ एक केलं होतं. त्या आरडाओरड्यातूनच स्पेनशी युद्ध झालं होतं. बातांगासमध्ये मिगेल माल्वार एप्रिल १९०२ मध्ये शरण आले. तोवर गुरं रोगाने मेलेली, शेतं पडीक, आणि मार्चपासून कॉलरा. एकूण किती माणसं गेली? अमेरिकन सैनिक ४,२०० च्या वर, फिलिपिनो लढवय्ये २०,००० च्या वर, आणि उपासमार, रोगराई, जाळपोळ धरून सामान्य लोक दोन लाखांपर्यंत. हा शेवटचा आकडा काही जण बराच वाढवतात. मी सावध आकडा घेतला आहे. तोही पुरेसा आहे.

एका प्रसंगावर मात्र मी प्रकरणच्या प्रकरण खर्च केलं आहे, कारण त्यात हे सारं युद्ध मावतं. आग्विनाल्डो लुझोन बेटाच्या उत्तर भागात, पूर्व किनाऱ्यावर, पालानान नावाच्या आडगावी लपले होते. फेब्रुवारी १९०१ मध्ये त्यांचा जासूद पकडला गेला. त्याच्याजवळच्या पत्रांत कुमक पाठवा अशी मागणी होती. जनरल फ्रेडरिक फन्स्टन यांनी ठरवलं, कुमक आपणच न्यायची. मध्य लुझोनमधल्या माकाबेबे गावचे ऐंशीएक लोक, जे आधी पिढ्यान्‌पिढ्या स्पेनच्या चाकरीत होते, त्यांना बंडवाल्यांच्या वेशात पुढे घातलं. फन्स्टन आणि आणखी चार अमेरिकन अधिकारी त्यांचे 'कैदी' बनले. आग्विनाल्डोंच्या एका सेनापतीच्या सहीशिक्क्याची बनावट पत्रं पुढे पाठवली. गलबतातून उतरून ही वरात शंभर मैलांच्या आसपास जंगल, नद्या, पाऊस तुडवत गेली आणि पालानान अगदी जवळ आलं असताना धान्य संपलं. माणसं उभी राहीनात. मग त्यांनी काय केलं? आग्विनाल्डोंनाच चिठ्ठी पाठवली, भुकेने हैराण झालोय, खायला पाठवा. आग्विनाल्डोंनी तांदूळ पाठवला. सोबत निरोप दिला की अमेरिकन कैद्यांना नीट वागवा. आदल्याच दिवशी त्यांचा बत्तिसावा वाढदिवस साजरा झाला होता. २३ मार्चला त्यांच्याच तांदळावर तरतरीत झालेल्या लोकांनी त्यांना पकडलं. एप्रिलमध्ये त्यांनी अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली आणि बाकीच्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं.

बाकीच्यांनी ऐकलं नाही, आणि पुस्तकाचा दुसरा भाग त्यांच्याविषयी आहे. २८ सप्टेंबर १९०१ला समार बेटावरच्या बालांगिगा गावात चर्चची घंटा वाजली आणि न्याहारीला बसलेल्या अमेरिकन पलटणीवर गाव तुटून पडलं. ७४ पैकी ४८ जण मेले. त्यावर जनरल जेकब स्मिथ यांनी समारचं रान करून टाकण्याचा हुकूम दिला. मारायचं कुणाला, याची वयाची अट विचारली गेली तेव्हा त्यांनी दहा वर्षं असं सांगितलं. खटला त्यांच्यावरही झाला. खुनाचा नव्हे, लष्करी शिस्तीला बाधा आणल्याचा. समज देऊन पेन्शनवर पाठवलं. गावच्या तीन घंटा मात्र शिपायांनी उचलून नेल्या. दोन वायोमिंगमधल्या लष्करी तळावर, एक पलटणीसोबत फिरत शेवटी कोरियात. ११ डिसेंबर २०१८ला त्या विमानाने मनिलाला उतरल्या आणि चार दिवसांनी बालांगिगाच्या चर्चमध्ये परत पोचल्या. दहा वर्षांवरच्या मुलांविषयी कुणी काही परत केलं नाही.

इथे एक खुलासा. मार्क ट्वेन यांच्यावर वेगळं प्रकरण का, असं हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्राने विचारलं. १८९६च्या जानेवारीत हे गृहस्थ मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरले होते, कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरत होते. त्या प्रवासात त्यांनी साम्राज्य म्हणजे काय ते जवळून पाहिलं. १९०० साली घरी परतले ते साम्राज्यविरोधी होऊनच. फिलिपिन्सवर राज्य करायचं तर आपल्या झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यांना काळा रंग द्या आणि ताऱ्यांच्या जागी कवटी लावा, असं त्यांनी लिहिलं. मुंबईत जन्मलेला एक लेखक आणि मुंबई पाहून गेलेला दुसरा, एकाच युद्धावर दोन टोकांना उभे राहिले. दक्षिणेकडच्या सुलू बेटांवर, होलोजवळच्या बुद दाहो या विझलेल्या ज्वालामुखीत, मार्च १९०६ मध्ये अमेरिकन फौजेने मोरो मुसलमानांची सहाशे ते हजार माणसं मारली, बायकामुलांसकट. त्यावर ट्वेननी जे लिहिलं ते जिवंतपणी छापलंच नाही. तिथल्या खंदकातल्या प्रेतांवर उभ्या शिपायांचा फोटो मी पुस्तकात घेतला आहे. घ्यावा की नाही, यावर बराच विचार केला. शिपाई कॅमेऱ्याकडे शांतपणे बघत आहेत, म्हणून घेतला. मोरोंचा मालोलोसच्या प्रजासत्ताकाशी फारसा संबंध नव्हता. १८९९ साली अमेरिकेने सुलूच्या सुलतानाशी करार करून त्यांना लढाईबाहेर ठेवलं, उत्तरेचं काम उरकल्यावर १९०४ साली करार मोडला.

डोंगर थकले तेव्हा लढाई मनिलाच्या नाटकगृहांत शिरली. मला स्वतःला सर्वांत आवडलेलं प्रकरण हे. १९०१ सालापासून स्वातंत्र्याची नुसती मागणी करणंही राजद्रोह होता. मग नाटककारांनी रूपकं रचली: आई म्हणजे मातृभूमी, तिचे दागिने चोरणारा पाहुणा म्हणजे कोण हे प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. १४ मे १९०३ला ऑरेलियो टोलेन्टिनो यांच्या 'काल, आज आणि उद्या' या अर्थाच्या नाटकात अमेरिकन झेंड्याचा अवमान झाला, प्रेक्षागृहात दंगल झाली, टोलेन्टिनो तुरुंगात गेले. याहून हुशारी केली ती कपडेपट सांभाळणाऱ्यांनी. एका नटाचा अंगरखा निळा, दुसरीचा घागरा तांबडा, तिसऱ्याच्या छातीवर सूर्य. सुटे सुटे हिंडताना कुणाला संशय यायचं कारण नाही. ठरलेल्या संवादाला सगळे धावत रंगमंचाच्या मधोमध एकमेकांना बिलगायचे आणि क्षणभर प्रेक्षकांसमोर जिवंत झेंडा फडकायचा. पोलीस उठून उभे राहीपर्यंत झेंडा विस्कटलेला असायचा. १९०७ साली तो झेंडा लावण्यावरच कायद्याने बंदी आली. त्याच वर्षी आपल्याकडे खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकाला जसं कळलं, तसंच ते सरकारलाही कळलं आणि १९१०ला नाटकावर बंदी आली. दोन्हीकडच्या नाटकवाल्यांना एकमेकांची वार्ताही नसावी. फिलिपिन्समधली झेंड्यावरची बंदी १९१९ला उठली.

हे पुस्तक वीरगाथा नाही, हे आधीच सांगतो. कातिपुनान उभी करणाऱ्या बोनिफासियोंना १८९७ साली मारलं ते स्पॅनिशांनी नव्हे, आग्विनाल्डोंच्या लोकांनी. फौजेतला एकमेव जाणता सेनापती आंतोनियो लुना; ५ जून १८९९ला काबानातुआनमध्ये स्वकीयांनीच त्याला भोसकून मारलं. शिकलेल्या धनिकांनी १९०० संपता संपता नव्या सत्तेशी जुळवून घेतलं. उलट आपोलिनारियो माबिनी पाहा. पाय लुळे पडलेला हा वकील झोळीतून वाहून आणावा लागे. तो पहिल्या मंत्रिमंडळाचा प्रमुख झाला. अमेरिकेशी एकनिष्ठतेची शपथ घेणार नाही म्हणाला, म्हणून १९०१ साली त्याला ग्वाम बेटावर धाडलं. तिथे त्याने क्रांतीचा इतिहास लिहिला, त्यात आग्विनाल्डोंवर एक शब्दही मऊ नाही. मंडालेत गीतारहस्य लिहिलं गेलं त्याच्या आठ-नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. १९०३ साली तो परतला आणि अडीच महिन्यांत कॉलऱ्याने गेला.

अमेरिकेने शाळा काढल्या नाहीत का? काढल्या. १९०१ साली एका जहाजातून पाचशेच्या सुमारास शिक्षक आले, गावोगाव गेले, त्यातले काही तिथेच वारले. फिलिपिनो लोक त्यांना आजही प्रेमाने आठवतात आणि मला त्यात विसंगती वाटत नाही. शिक्षक चांगले होते. त्यांनी शिकवलेल्या इतिहासात साकाय मात्र दरोडेखोरच राहिला.

वाचकांना दोन सूचना. नावांचे उच्चार स्पॅनिश वळणाचे ठेवले आहेत, चुका असतील तर कळवाव्यात. आणि घाई असेल त्याने सरळ नाटकांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, तिथून मागे येता येतं.

राहता राहिली बारा जूनची गोष्ट. मे १९६२ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नुकसानीपोटी फिलिपिन्सला सात कोटी तीस लाख डॉलर देण्याचा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने फेटाळला. काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष दियोस्दादो माकापागाल यांनी जाहीर केलं की यंदापासून स्वातंत्र्यदिन ४ जुलैला नाही, १२ जूनला. दोन वर्षांनी त्याचा कायदाही झाला. त्या पहिल्या १२ जूनला त्र्याण्णव वर्षांचे आग्विनाल्डो आजारपणातून उठून समारंभाला आले. कायदा व्हायच्या आत, ६ फेब्रुवारी १९६४ला, ते वारले. सेनेटने एका मताच्या फरकाने त्यांचा देश विकत घेतला, त्याला त्या दिवशी पासष्ट वर्षं पूर्ण झाली होती.